ढोके सरांचा जेवणारा नंदी

"अध्यक्षसाहेब, येत्या तान्ह्या पोळ्याला आमच्या वर्गाचा नंदी आपल्या पायानं चालत तोरणापर्यंत येईन. कोणी ओढणार नाही, कोणी ढकलणार नाही."

मोरेश्वर ढोके सर भर सभेत हे बोलून गेले आणि खाली बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. वास्तविक त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की आमच्या वर्कशॉपची खोली काढून घेऊ नका. पण साधी गोष्ट साधेपणानं सांगणं सरांच्या स्वभावातच नव्हतं. घरातला फ्यूज बांधायला स्टुलावर चढले तरी खाली उभ्या बायकोला ते भाक्रा-नांगल धरणापासून समजावून सांगत, आणि तोवर सुधाबाई कंदील लावून भाकरी थापायला बसलेल्या असत.

ही १९८६ सालची गोष्ट. नागपूरपलीकडच्या सौंसर गावातल्या एका हायस्कुलात अकरावीला व्यवसायाचा वर्ग निघून दोन वर्षं झाली होती. सुतारकाम आणि वीजकाम. पोरांनी नुसतं घोकू नये, हातानं काही करावं, असा हेतू. हेतू चांगला होता, हत्यारं थोडी होती. दोन रंधे, चार पटाश्या, एक करवत, आणि कुठल्याही तारेला लावलं तरी काटा न हलवणारं एक मीटर. एवढ्यावर वर्गानं पहिल्या वर्षी हेडमास्तरांना एक स्टूल करून दिलं, त्यावर बसलं की माणूस आपोआप खिडकीकडे वळायचा. दुसऱ्या वर्षी शाळेला विजेची घंटा करून दिली. ती वाजायची झकास, पण शाळा सुटल्याची घंटा एकदा दुपारी बारालाच वाजली आणि पोरं परत आली ती दुसऱ्या दिवशी.

शाळा समितीचे अध्यक्ष भगवंतराव यांना एवढं पुरेसं होतं. भगवंतराव म्हणजे संत्र्याच्या दोन बागांचे धनी आणि गावच्या पोळ्याचे मानकरी. पोळा समितीची बिछायत, तोरणाचे खांब, सतरंज्या हे सगळं त्यांच्याच वाड्यात पडलेलं असे आणि त्यात उंदरांनी संसार थाटला होता. वर्कशॉपची खोली कोरडी होती, तिला कुलूप होतं. भगवंतरावांची नजर तिच्यावर होती.

सरांचं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं. मग पानाचा डबा बंद करत म्हणाले, "ठीक आहे मास्तर. चालला नंदी तर खोली तुमची. नाही चालला, तर तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी खोलीत बिछायत भरतो. अन् तुम्ही पाचवीले चित्रकला शिकवजा."

चित्रकला! सरांना साधं वांगं काढता येत नव्हतं.

आता तान्हा पोळा म्हणजे काय, हे तिकडल्या माणसाला सांगावं लागत नाही. मोठ्या पोळ्याला खरे बैल सजून तोरणाखाली उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी लहान पोरं आपापले लाकडाचे, चाकांवरचे नंदी घेऊन निघतात. दारोदार नंदीचे पाय धुतात, कुंकू लावतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, पोरांच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, पडतो. शेवटी सगळे नंदी मैदानात तोरणाखाली येतात. तिथं मात्र एक नियम पक्का होता. भगवंतरावांच्या घरचा सागवानी नंदी पहिल्यांदा तोरणाखालून जाणार, मग बाकीचे. त्याच्या आधी तोरण तोडायची छाती आजवर कोणाची झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात बातमी सांगितली तेव्हा वाटलं होतं, पोरं घाबरतील. पोरं बाकावर उभी राहिली. रामाकोना गावचा कवडू, ज्याला वहीत रेघ सरळ मारता येत नसे पण बैलगाडीचं चाक एका हातानं उचलता येई, तो म्हणाला, "सर, वासराएवढा करू. त्याच्यापेक्षा लहान केला तं मजा नाही."

रवींद्र नावाच्या बडबड्या पोरानं तिथल्या तिथं नंदीचं नाव काय ठेवायचं यावर मतदान सुरू केलं. आणि नलिनी, साठ पोरांच्या त्या अकरावीत मुलींचं शिवणकाम सोडून वीजकामाला आलेली एकटी मुलगी, तिनं वही उघडून विचारलं, "मोटर कोणची लावायची सर?"

इथं सरांचं डोकं खरंच चाललं, हे कबूल केलं पाहिजे. नागपूरच्या भंगार बाजारातून त्यांनी जुन्या ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी आणल्या. वायपरची मोटर हळू फिरते पण रेटा मोठा, एकदा निघाली की समोर काय आहे हे ती पाहत नाही. एक मोटर सायकलच्या चेननं चाकांना जोडली. दुसरी मानेला जोडली, म्हणजे चालताना नंदी मान खालीवर करणार. पोटात ट्रॅक्टरची बॅटरी. आणि चालू-बंद करायचा खटका छातीत. त्या खटक्याला एक पितळेची पट्टी होती, ती खाली पडली की नंदी चालू, वर उठली की बंद. पट्टीला सायकलच्या ब्रेकची तार बांधून ती शेपटीपर्यंत नेली होती. शेपटी उजवीकडे पिरगाळली की नंदी निघाला, डावीकडे पिरगाळली की थांबला.

"बैल शेपटी पिरगाळल्याशिवाय चालतो का?" सर म्हणाले. "आपण निसर्गाचं अनुकरण करून राहिलो."

दोन महिने वर्कशॉपमध्ये जत्रा होती. शाळा सुटली तरी कोणी घरी जाईना. कवडूनं बापाला न विचारता बाभळीचं लाकूड आणलं, रवींद्रनं आईच्या जुन्या शालूतून झूल काढली. नलिनीनं वायरिंग एकटीनं केलं आणि हाताला तीन ठिकाणी चटके घेतले, तरी त्या दिवसांत तिच्याइतकं आनंदात गावात कोणी नव्हतं. ज्या दिवशी नंदीनं पहिल्यांदा मान हलवून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाल केली, त्या दिवशी सरांना भरून आलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, धूळ फार आहे.

सरांनी सगळा विचार केला होता. बायका पाय धुणार, म्हणून चारी पायांना आतून डांबर लावलं होतं. पोरं पोटात हात घालतील, म्हणून बॅटरीचं झाकण दहा स्क्रूंनी बंद करून वरून रंग मारला होता. वळवायची सोय तेवढी झाली नव्हती. वळवायचा असला की कवडूनं समोरून नंदी उचलायचा आणि दुसऱ्या तोंडानं ठेवायचा. पण शाळेपासून मैदानापर्यंत मिळून दोनच वळणं होती.

पोळ्याच्या चार दिवस आधी सरांना आणखी एक कल्पना सुचली. मान हलताना नंदीचं तोंडही उघडावं आणि मिटावं! त्यांनी खालच्या जबड्याला बिजागरी लावली. नंदी मान वर करी तेव्हा तोंड वासे, खाली करी तेव्हा मिटे. पोरं टाळ्या पिटत होती. एकटी नलिनी वाकून त्या तोंडातून आत पाहत होती.

"सर, हे तोंडातून सरळ छातीत जाते. खटका खालीच आहे. कोणी काही टाकलं तं?"

"अगं, लाकडाचा नंदी आहे तो. त्याच्या तोंडात कोण काय टाकणार?"

"लोकांचं काही सांगता येते का जी? मी आडवी पट्टी ठोकू का?"

"पट्टी ठोकली तर जबडा मिटणार नाही. तू वायरिंग पाह्य. तोंडाचं मी पाहतो," सर म्हणाले.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी नंदी शाळेतून निघाला. समोर एक ढोल, मागं दुसरा ढोल आणि अख्खी अकरावी, आणि शेपटीजवळ स्वतः ढोके सर, इस्त्रीच्या पांढऱ्या पायजम्यात. लहान पोरं आपापले हातभर नंदी काखेत मारून पळत आली. दुकानदारांनी गिऱ्हाईकं सोडली. वरातीच्या चालीनं, मान हलवत, तोंड उघडत-मिटत तो वासराएवढा नंदी रस्त्यानं चालला होता आणि कोणी त्याला ओढत नव्हतं, कोणी ढकलत नव्हतं.

पहिलं वळण सरांच्या गल्लीचं. कवडूनं उचलला, ठेवला. सरांच्या दारात सुधाबाई उभ्या होत्या.

दोन महिने सुधाबाई सरांशी नीट बोलल्या नव्हत्या. घरातला मिक्सर दुरुस्त करायला वर्कशॉपमध्ये गेला होता आणि त्याचे अर्धे स्क्रू नंदीत लागले होते, एवढं कारण पुरे. पण आज त्या नवं लुगडं नेसून, ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नंदीचे चारी पाय धुतले. कुंकू लावलं. आणि सरांकडे पाहून सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या, "अजी, खरंच चालून राहिला की हा."

यानंतर सरांना आयुष्यात दुसरं कोणतंही प्रमाणपत्र मिळालं नसतं तरी चाललं असतं.

त्यामुळे सुधाबाईंनी ताटातली तूप लावलेली, काठाला त्यांची नेहमीची मुरड घातलेली पुरणपोळी दुमडली, नंदीनं मान वर करून तोंड वासलं आणि बाईंनी ती आत सारली, तेव्हा सर नुसते हसत उभे होते. जबडा मिटला, पुन्हा उघडला. पोळी नाहीशी झाली होती.

"खाल्ली! अवं बाई, खाल्ली त्यानं!" शेजारच्या शांताबाई ओरडल्या.

नलिनीनं सरांची बाही ओढली. "सर."

"एकच आहे गं," सर म्हणाले. "घरची आहे."

शांताबाई म्हणजे त्या गल्लीतल्या सर्वांत वडील. त्यांचं म्हणणं गल्लीत पाच मिनिटांत सगळ्यांचं होई. जेवणारा नंदी आल्याची वार्ता नंदीपेक्षा फार पुढं पोचली. एरवी लाकडाच्या नंदीला पोळी ओठाला लावून परत ताटात ठेवतात. पण हा तर तोंड उघडून मागत होता! अशा नंदीला उपाशी पाठवायचं म्हणजे घराला शोभणारं नव्हतं. दुसऱ्या दारी पोळी, तिसऱ्या दारी पोळी, चौथ्या दारी पोळी आणि वर वडा. पाचव्या दारी सरांनी शेपटी डावीकडे पिरगाळली तेव्हा ती जरा जड गेली. आठव्या दारी दोन्ही हात लावावे लागले.

दहाव्या दारी शेपटी फिरलीच नाही.

झालं होतं असं, की पुरण ओलं असेपर्यंत पट्टी कशीबशी उठत होती. आता मोटरीच्या उबेनं ते वाळू लागलं, त्यात तूप, त्यात गूळ, आणि पट्टीवर दहा घरांचा नैवेद्य बसलेला. ती वर उठायला जागाच उरली नव्हती. बाई ताट घेऊन उभी राहिली आणि नंदी तिच्या दारावरून न थांबता पुढं गेला.

"का जी सर, आमचं घर काहून सोडलं?"

"नाही, नाही, तो जरा..."

ती बाई काही कमी नव्हती. ती चालत आली आणि चालत्या नंदीला तिनं पोळी भरवली. मग सगळ्याच चालू लागल्या.

"रवींद्र, ओढ शेपटी!" सर म्हणाले. रवींद्रनं जीव खाऊन ओढली. शेपटी त्याच्या हातात आली आणि तो शेपटीसकट मागच्या ढोलावर बसला. नंदी चालतच होता.

"कवडू, उचल! नालीकडं तोंड कर, तिथं अडकेल."

कवडूनं उचलला आणि वळवला. लगेच बायका धावल्या. "नंदीले नालीत घालता का रे, बह्याड हो?" कवडूनं घाबरून तो पुन्हा सरळ केला.

"आडवा पाडा," सर हळूच म्हणाले. पण शांताबाईंच्या कानाला हळू बोललेलंच जास्त ऐकू येई. त्या नंदीसमोर हात पसरून उलट्या चालू लागल्या. "पोळ्याच्या दिवशी नंदी पाडता? गावावर काय आणता, मास्तर? त्याले त्याच्या मनानं जाऊ द्या."

नंदीच्या मनात एकच जागा होती. रस्ता मैदानाकडेच जात होता.

शेवटचं वळण आलं. इथं कवडूनं उचललाच नसता तर नंदी पाटलांच्या गोठ्यात शिरला असता आणि गोष्ट तिथंच संपली असती. पण दोन महिने त्याला एवढं एकच काम घोकून दिलं होतं. वळण आलं, कवडूनं उचलला, मैदानाकडे तोंड करून ठेवला.

"कवड्या!" सर एवढंच म्हणाले.

समोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. तोरणाच्या अलीकडे भगवंतरावांचा सागवानी नंदी उभा होता. त्याच्या समोर, मानाची दोरी मनगटाला गुंडाळून, हातात माईक धरून भगवंतराव भाषण करत होते. त्यांची पाठ नंदीकडे, तोंड गर्दीकडे.

मानकऱ्याच्या आधी तोरण तोडलं तर खोली जाणार हे नक्की होतं, आणि पाचवीची चित्रकलाही मिळेल याचा भरवसा उरला नव्हता. त्यांनी नंदीचं शिंग धरलं, पाय रोवले. नंदीनं त्यांना पायजम्यासकट ओढत नेलं.

एकटी नलिनी ओरडत नव्हती. ती स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकून नंदीबरोबर चालत होती आणि पोटावरचा एकेक स्क्रू काढत होती. रंग खरवडायचा, स्क्रू फिरवायचा, दोन पावलं टाकायची.

"किती राहिले?" सर ओरडले.

"चार."

"...आणि म्हणूनच मी म्हंतो," भगवंतराव माईकवर सांगत होते, "पोट्ट्यायनं मशीनच्या नादी लागू नये. परंपरा..."

टक् असा आवाज झाला. वर्गाच्या नंदीचं कपाळ सागवानी नंदीच्या पाठीला टेकलं होतं.

भगवंतरावांचा नंदी म्हणजे त्यांच्या वडिलांनी आपल्या हातानं केलेला. वडील गेले त्या वर्षी त्याची चाकं जाम झाली ती झालीच. तेव्हापासून चार गडी तो उचलून आणत आणि तोरणाखालून उचलूनच नेत. वायपरच्या मोटरीला हे ठाऊक नव्हतं. तिनं रेटा लावला. चाकांतून करकर आवाज आला, अकरा वर्षांचा गंज झडला, आणि सागवानी नंदी हलला.

तो हलला तो सरळ भगवंतरावांच्या गुडघ्यांमागं लागला. भगवंतराव "परंपरा" म्हणता म्हणता खाली बसले. बसले ते थेट नंदीच्या मानेवर. हातात माईक, मनगटाला दोरी, समोर तोरण. गर्दीतून असा गजर उठला की झाडावरचे बगळे उडाले. मानकरी स्वतः नंदीवर स्वार होऊन येताना गावानं कधी पाहिलं नव्हतं. तोरण तुटलं आणि हारासारखं भगवंतरावांच्या गळ्यात पडलं. त्यांच्या मागं मान हलवत, तोंड वासत, वर्गाचा नंदी तोरणाखालून गेला, शिंगाला लटकलेल्या ढोके सरांसकट.

"नलिनी!"

"एकच!"

शेवटचा स्क्रू निघाला. नलिनी खांद्यापर्यंत आत घुसली. लोकांना दिसत होतं ते नंदीचं पोट आणि त्यातून बाहेर आलेले दोन पाय. मग वायर तुटली आणि नंदी मान वर करून, तोंड उघडं ठेवून उभा राहिला. तोरणापलीकडं बांधलेलं स्टेज त्याच्यापासून हातभर लांब होतं.

भगवंतराव उतरले. त्यांनी तोरण गळ्यातून काढलंच नाही. वाकून आपल्या नंदीच्या चाकाला हात लावला, ते थोडं मागंपुढं फिरवून पाहिलं. सरांना वाटलं, आता चाबूकच मागतील. भगवंतरावांचा आवाज मात्र निराळाच आला.

"बाबा गेले तवापासून हा चालला नव्हता," ते म्हणाले. "आज चालला." आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "मास्तर, हे तुम्ही ठरवून केलं का?"

सरांच्या जिवात जीव आला. एवढंच नाही, त्यांच्या तोंडात एक अख्खं भाषण आलं. त्यांनी घसा साफ केला. "अध्यक्षसाहेब, आमच्या वर्गाचं असं धोरण आहे की..."

"नाही जी," पुरणानं माखलेली नलिनी नंदीच्या पोटातून बाहेर येत म्हणाली. "ठरवून काही नाही केलं. थांबूनच नव्हता राहिला."

सरांनी डोळे मिटले. संपलं. खोली गेली.

भगवंतरावांनी त्या मुलीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं. आणि पोट धरून हसायला लागले.

"खोली तुमची," ते म्हणाले. "वर्ग चालू राहीन. बिछायत ठेवतो मी माझ्याच घरी, उंदरायसंगं. पण एक काम करजा मास्तर. पोट्ट्यायले चालवणं तुम्ही शिकवा, अन् थांबवणं तुम्ही या पोरीपाशी शिका. अन् पहिले माझ्या नंदीची चाकं नीट करून द्या."

अकरावीनं नलिनीला उचललं, कवडूनं चुकून सरांनाही उचललं आणि मैदानाला एक चक्कर मारून योग्य दिशेला तोंड करून खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये नंदीची छाती उघडली. सुधाबाई मिक्सरचे स्क्रू परत घ्यायला म्हणून आल्या होत्या, त्या पाहत उभ्या राहिल्या. पटाशीनं खरवडून एकेक थर निघत होता. नलिनी वहीत लिहून घेत होती. पुरणपोळ्या एकवीस, वडे चार, भजं एक. अगदी तळाशी, पट्टीला घट्ट बसलेली, काठाला बारीक मुरड घातलेली पोळी निघाली. ती कोणाच्या हातची हे गल्लीत कोणालाही ओळखू आलं असतं.

सुधाबाईंनी पोळी पाहिली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तोंड बंद ठेवजा."

"हो ना," सर घाईघाईनं म्हणाले. "नलिनी म्हणतच होती. जबड्याला आडवी पट्टीच ठोकतो."

"नंदीचं नाही म्हंत मी," सुधाबाई म्हणाल्या. "सभेत."